मन्मथअप्पांची साक्ष

आमच्या तालुक्याच्या कोर्टात लिंबाच्या झाडाखाली दुचाक्या लावतात. तारखेच्या दिवशी मन्मथअप्पा कोर्ट उघडायच्या तासभर आधी यायचे आणि त्या दुचाक्यांच्या रांगेतून सावकाश फिरायचे. एकेका गाडीपाशी थांबायचे, वाकायचे, ब्रेकची मूठ दाबून चाक हातानं फिरवून बघायचे. जिचा ब्रेक लागत नसेल तिच्याजवळ उभे राहायचे आणि गाडीचा धनी आला की हात जोडून सांगायचे, "साहेब, मागचा ब्रेक संपलाय. आज हळू जावा. उद्या मात्र आधी गॅरेजला न्या." कोणी हसायचं, कोणी "बरं बरं" म्हणायचं. शिरस्तेदारांनी एकदा "तुम्हाला काय करायचंय?" असं खेकसून विचारलं, तर अप्पा म्हणाले, "मला काय करायचं न्हाई. तुमच्या घरच्यायला करायचं ऱ्हाईल म्हून सांगितलं."

एकदा एका हवालदाराला वाटलं, म्हातारा पेट्रोल काढतोय. त्यानं मागून येऊन अप्पांची कॉलर धरली. मी पायऱ्या उतरून धावत गेले. "सोडा त्यांना, माझे पक्षकार आहेत."

"मग गाड्यांखाली काय हुडकाय लागलेत?"

"तुमचीच गाडी बघाय लागलोय, जमादार," अप्पा कॉलर तशीच त्याच्या मुठीत असताना शांतपणे म्हणाले. "पुढच्या ब्रेकचं लायनर पार गेलंय."

हवालदारानं मला विचारलं, यांची केस कसली? मी सांगितलं, ट्रकचा अपघात. उतारावर ब्रेक लागले नाहीत, एक माणूस गेला. त्यानं कॉलर सोडली. मग आपल्या गाडीकडे जाऊन त्यानं स्वतःच एकदा ब्रेक दाबून पाहिला.

अप्पांचं वय तेव्हा त्रेपन्न-चोपन्न असेल. शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यातले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगात बाह्या दुमडलेला पांढरा सदरा. सव्वीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला, तोही एकाच मालकाकडे. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती. एक मुलगी, गौरी. ती नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनीअरिंग शिकत होती. अप्पा राहायचे मालकाच्या गोदामामागच्या खोलीत. गौरी त्याच खोलीत लहानाची मोठी झाली, आणि तिचं वसतिगृह, पुस्तकं सगळं मालकच बघत होते.

मालकांबद्दल मला वाईट लिहिता येणार नाही, निदान सुरुवातीला तरी. सोयाबीन आणि डाळीचे व्यापारी, चार ट्रकचे धनी, बोलायला गोड. अप्पांना माझ्याकडे तेच घेऊन आले. म्हणाले, "वकीलबाई, हा माझा माणूस हाय. याला काही होता कामा नये. तुमची फी माझ्याकडं." मी वकिली सुरू करून सहा-सात वर्षं झाली होती. एखादा मालक आपल्या ड्रायव्हरसाठी एवढी धावपळ करतो याचं मला कौतुक वाटलं. त्यामागं आणखी काय होतं, ते मला पुढं कळलं.

घडलं ते असं. सोयाबीनचा हंगाम होता. भरलेला ट्रक घेऊन अप्पा लातूरच्या धान्याच्या मोंढ्याकडे निघाले होते. एका फाट्याच्या अलीकडे लांब उतार आहे. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. चाकापाशी एक लोखंडी डबा असतो, त्याला ड्रायव्हर लोक बूस्टर म्हणतात. त्याच्या आत रबराची जाड चकती असते. ती फाटली की हवा बाहेर जाते आणि पाय कितीही दाबला तरी ब्रेक लागत नाही. उतारावर तेच झालं. पुढे देवणीकडचा एक दूधवाला मोटारसायकलीवर कॅन लावून चालला होता. गणपत त्याचं नाव. ट्रकनं त्याला उडवलं आणि ट्रक डाव्या हाताच्या शेतात जाऊन रुतला. गणपत जागीच गेला. अप्पा पळून गेले नाहीत. लोक जमले, मारलं, तरी तिथंच बसून राहिले. पोलीस आले तेव्हा अप्पांच्या मांडीवर गणपतचं डोकं होतं.

आरटीओच्या इन्स्पेक्टरनं ठाण्याच्या आवारात ट्रक तपासला आणि अहवाल दिला: मागच्या उजव्या बूस्टरमधलं रबर फाटलेलं, हवा टिकत नाही. ते कधी फाटलं, त्या दिवशी की आधी, याबद्दल अहवालात एक अक्षर नव्हतं. आणि सगळी केस त्या न लिहिलेल्या अक्षरावर उभी होती.

मी अप्पांना ते समजावून सांगितलं. रबर ऐन उतारावर अचानक फाटलं असेल, तर तो यंत्राचा बिघाड. त्यात ड्रायव्हरचा दोष नाही, तुम्ही सुटता. मालकाकडे गाडी ठीक असल्याचा सरकारी दाखला आहे, म्हणजे त्यांचाही दोष नाही. पण ब्रेक खराब आहेत हे आधीपासून माहीत असूनही गाडी बाहेर काढली असेल, तर तो निष्काळजीपणा. चालवणाऱ्याचाही आणि पाठवणाऱ्याचाही.

"म्हणून मी एकच विचारते, अप्पा. तुम्हाला आधी माहीत होतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मालक बाहेर फोनवर बोलत होते.

"पंधरा दिवस झाले व्हते, बाई," ते हळूच म्हणाले. "ब्रेक मारला की फुस्स आवाज यायचा. हवेचा काटा खाली यायचा. मिस्त्रीनं बी सांगितलं, रबर बदला, गाडी दोन दिवस उभी करा. मी मालकाला सांगितलं. मालक म्हणले, हंगाम हाय मन्मथ, ह्या चार खेपा होऊ दे, मग करू. तिसऱ्या खेपेला हे झालं."

मी पेन खाली ठेवलं. त्या क्षणी मी जे म्हणाले ते आज लिहिताना बरं वाटत नाही. पण लिहायला हवं. मी म्हणाले, "हे मला सांगितलंत ते ठीक. यापुढं कुणाला सांगू नका. कोर्टात म्हणायचं, मला काहीच कल्पना नव्हती, ब्रेक अचानक गेले."

पुढचे कित्येक महिने मी त्यांच्याकडून हे वाक्य घोटून घेतलं. अप्पा वाक्य म्हणायचे, पण "अचानक" जवळ आलं की अडायचे. मी म्हणायची, "परत एकदा." ते परत म्हणायचे. सव्वीस वर्षं लांबच्या रस्त्यांवर गाडी हाकलेला माणूस माझ्यासमोर पोरासारखा धडा म्हणत उभा राहायचा.

एकदा मी चिडून विचारलं, "तेव्हाच मालकाला 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"न्हाई म्हणायला पायाखाली जागा लागती, बाई," अप्पा म्हणाले. "माझ्या पायाखाली जी हाय ती त्यायची हाय."

ही त्यांची बोलायची तऱ्हा होती. तक्रारीचा सूर नसायचा. रस्त्यात खड्डा आहे हे सांगावं तसं सांगायचे.

खटला तालुक्याच्या कोर्टात चालला होता आणि गणपतच्या बायकोनं, सुनंदानं, नुकसानभरपाईचा दावा लातूरला लावला होता. तालुक्याच्या कोर्टात तिचा जबाब होता त्या दिवशी ती भावाच्या मोटारसायकलीवर आली. अप्पा नेहमीप्रमाणे लिंबाखाली फिरत होते. कुणाची गाडी हे माहीत नसताना त्यांनी त्या भावालाही सांगितलं की तुझा ब्रेक ढिला आहे. भाऊ "हो काका" म्हणाला. मग आरोपीचं नाव पुकारलं गेलं, अप्पा आत जाऊन उभे राहिले, आणि सुनंदानं त्यांना ओळखलं.

जबाब झाल्यावर ती व्हरांड्यात सरळ त्यांच्यासमोर आली. भाऊ तिला मागं ओढत होता. मी मध्ये पडले, "तुम्ही आरोपीशी बोलू नका." तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आमचे वकील म्हणतेत, ब्रेक अचानक गेले असं ठरलं तर कुणाचीच चूक न्हाई," ती म्हणाली. "कुणाचीच न्हाई म्हंजे? मग माणूस मेला कसा? माझ्या दोन लेकी इचारतेत, बाबाला कुणी मारलं? मी काय सांगू, कुणीच न्हाई?"

मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर नेलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "एवढीशी पोर हाय हो ती. आमच्या गौरीपरीस चार-पाच वर्सांनी मोठी आसंल."

महिन्याभरात लातूरहून अप्पांना साक्षीचं समन्स आलं. सुनंदाच्या वकिलानं बोलावलं होतं. मालक त्याच दिवशी माझ्याकडे आले. या वेळी धावपळ नव्हती, नुसता गोडवा होता. "मन्मथला सांगा, तिथं बी तेच बोलायचं. त्याच्या पोरीचं शेवटचं वर्ष हाय. मी हाय तिच्यामागं, पण मन्मथ बी माझ्यामागं पाहिजे ना?" त्यांनी आवाज जरासुद्धा चढवला नाही. ते गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की या खोलीत कोण कुणाचा वकील आहे हे मला सांगता येणार नाही.

अप्पा दुसऱ्या दिवशी दुपारी एकटेच आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"बाई, तुम्ही माझ्या वकील का मालकाच्या?"

"वकीलपत्रावर सही तुमची आहे, अप्पा."

"सही माझी हाय. आणलं त्यायनी."

ते पुढं बोलू लागले, आणि एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"मी लई इचार केला. खरं सांगितलं तर मी अडकतो. न्हाई सांगितलं तर त्या बाईचा दावा बुडतो. दोन्हीकडून बघितलं तर मधी मालक कुठंच न्हाईत. मग गाडी कुणाची व्हती, बाई? माझी व्हती, का त्या मेलेल्या माणसाची?"

मी त्यांना वकील म्हणून जे सांगायला हवं ते सगळं सांगितलं. तुम्ही लातूरला खरं बोललात तर तो कबुलीजबाब इथल्या खटल्यात तुमच्याविरुद्ध येईल. शिक्षा होईल. लायसन्स जाईल. खोली जाईल. आणि मालकाला तुरुंगात घालणारं कलम इतक्या सहज कुणी लावत नाही, हेही सांगितलं. "आठवत नाही म्हणा," मी म्हणाले. "तेवढं तरी म्हणा. आठवत नाही म्हणणं हा गुन्हा नाही."

"आठवत न्हाई?" अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली. "तो फुस्स आवाज मला झोपेत बी येतो, बाई."

त्या संध्याकाळी मी मालकांना फोन करून सांगितलं की यापुढं अप्पांच्या केसमध्ये तुमची फी नको. ते हसले आणि म्हणाले, "बघा बुवा. तुम्ही शिकलेली माणसं." यापलीकडे मी काही मोठं केलं नाही.

लातूरच्या कोर्टात साक्षीच्या दिवशी गौरी नांदेडहून आली होती. मागच्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसली. सुनंदा दुसऱ्या टोकाला. अप्पांनी शपथ घेतली आणि सुनंदाच्या वकिलानं विचारलं की ब्रेकच्या बिघाडाची तुम्हाला कल्पना कधी आली.

"पंधरा दिवस आधी, साहेब."

कोर्टात लिहिणाऱ्याचे हात थांबले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही काय बोलताय हे तुम्हाला समजतंय ना?"

"हाव साहेब. माझ्या वकीलबाईनी समदं सांगितलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. फुस्स आवाज, मिस्त्रीचं म्हणणं, मालकाचे शब्द जसेच्या तसे. मालकाचे वकील उलटतपासणीला उठले. लातुरातले जुने, नावाजलेले वकील. त्यांनी अप्पांना खोटं ठरवायचा फार प्रयत्न केला नाही. त्यांना त्याची गरज नव्हती.

"म्हणजे ब्रेक खराब आहेत हे माहीत असताना तुम्ही भरलेला ट्रक उतारावर नेलात?"

"हाव."

"कुणी तुमचे हातपाय बांधून गाडीत बसवलं नव्हतं?"

"न्हाई."

"तुम्हाला नाही म्हणता आलं असतं?"

"आलं असतं. एकदा म्हणलो व्हतो, लई वर्षांमागं, टायर गुळगुळीत झाले म्हून. तवा आठ दिवस दुसरा ड्रायव्हर बसला गाडीवर. मी गोदामात पोती मोजत बसलो. त्याच्यानंतर न्हाई म्हणलो. ती माझी चूक हाय. पण साहेब, गाडी मी एकट्यानं रस्त्यावर सोडली न्हाई."

वकील म्हणाले, "एवढं पुरे," आणि बसले. अप्पांचं ते शेवटचं वाक्य नोंदीत आलं की नाही हे मी नंतर नक्कल काढून पाहिलं. आलं होतं.

बाहेर गौरी बापाला बिलगून रडली नाही की काही नाही. तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. म्हणाली, "अप्पा, मी तुम्हाला कवाच सांगणार व्हते. रबर एका दिवसात फाटत न्हाई, हे आम्हाला पहिल्याच वर्षाला शिकवतेत. मी इचारलं न्हाई, कारण तुम्ही खोटं सांगितलं असतं तर मला कळलं असतं."

दावा सुनंदाच्या बाजूनं लागला. निकालात स्पष्ट लिहिलं होतं की गाडी नादुरुस्त असल्याचं मालकाला माहीत होतं आणि तरीही त्यानं ती रस्त्यावर पाठवली. तो निकाल घेऊन मी तालुक्याच्या कोर्टात अर्ज केला की मालकालाही आरोपी करावं. अर्ज फेटाळला गेला. गाडी चालवत कोण होतं, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर एकच होतं. अप्पांना एक वर्षाची कैद झाली. खोली तर साक्षीच्या आठवड्यातच गेली होती. गोदामाच्या दारात त्यांची पेटी, अंथरूण आणि देवाचा फोटो नीट रचून ठेवला होता. कोणी फेकलं नव्हतं, मालक तसे नव्हते. गौरीनं शेवटचं वर्ष शिकवण्या घेऊन काढलं.

अपील करू या म्हणून मी लातूरच्या तुरुंगात दोनदा कागद घेऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी ते परत केले. "बाई, किती तारखा करायच्या? बाहेर व्हतो तवा जास्त कोंडल्यावानी वाटायचं," असं म्हणाले. मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. ज्यानं खरं सांगितलं तोच आत आणि ज्यानं गाडी पाठवली त्याचे ट्रक माझ्या ऑफिससमोरून रोज जातात, याला न्याय म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण अप्पांनी त्यावर माझ्याशी कधी वाद घातला नाही.

सुटले त्या दिवशी मी आणि गौरी त्यांना घ्यायला गेलो. तिला तोवर नांदेडला नोकरी लागली होती आणि तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. अप्पा वाळले होते. विभूतीचे पट्टे तसेच. गौरीनं ठरवलेल्या गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "नांदेडला मागून जाऊ. आधी देवणीकडं घे."

सुनंदाचं घर गावाच्या कडेला, पत्र्याचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. ती दारातच होती. आम्हाला पाहून उठली, पण या म्हणाली नाही. अप्पा अंगणाच्या कडेला चपला काढून उभे राहिले.

"माफी मागाय आलो न्हाई," ते म्हणाले. "ती मागायला तोंड न्हाई. कोर्टात एक गोष्ट कुणी इचारली न्हाई, म्हून सांगायची ऱ्हाईली. ती तुमची हाय. तुमच्यापाशी द्यायला आलो."

तिच्या दोन्ही मुली दाराआडून बघत होत्या.

"उतार लागला, ब्रेक लागंनात, तवा मी हॉर्न दाबून धरला. त्यायनी मागं वळून बघितलं. त्यायला वाटलं, ट्रकवाल्याला पुढं जायचंय. गाडी डाव्या अंगाला घेतली आणि हात केला, जा म्हून. मी शेतात गाडी घालावी म्हून त्याच अंगाला वळिवली व्हती. त्यायनी मला वाट दिली, माय. घाबरले बी न्हाईत. हसून वाट दिली."

सुनंदानं खांबाला धरलं. मग पदर तोंडाला लावला आणि दाराआडच्या मुलींकडे वळून म्हणाली, "ऐकलं का? तसाच व्हता तुमचा बाप. कुणी बी मागून आलं की आधी वाट द्यायचा."